मधमाशीचे पंचांग

मध ही वस्तू मराठी घरात नेहमी वरच्या फळीवर असते. रोज तिचे काम पडत नाही. पण ती संपली आहे, असेही कोणी गृहिणी चालू देत नाही. खोकला झाला की आल्याच्या रसात मध, पूजा असली की पंचामृतात मध, लग्नघरी नवरदेव आला की मधुपर्कात मध. पंचामृतातल्या दूध, दही, तूप आणि साखर या चार वस्तू कोठून येतात, हे घरातले शेंडेफळसुद्धा सांगेल. गवळी, विरजण, लोणी आणि ऊस यांच्याशी त्याची निदान पुस्तकातून तरी ओळख झालेली असते. पाचवे अमृत कोठून येते, असे विचारा. उत्तर मिळेल, ‘बाटलीतून!’

फार झाले तर ‘मधमाशी फुलांतून आणते’ एवढी भर कोणीतरी घालील. पण माशी आणि बाटली यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो. आपल्याकडे त्याला मधपाळ म्हणतात. त्या माणसाला काय ठाऊक असावे लागते, ते त्याला कोण सांगते आणि कोणत्या भाषेत सांगते, हा या लेखाचा विषय आहे. दिवाळी अंकात फराळासारखे काही हलके वाचायला बसलेल्या वाचकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. विषय मधाचा आहे. शेवट कडू होणार नाही, एवढी हमी मी देते.

एक शब्द आणि एक मुलगी

मी मराठीची प्राध्यापिका. राहणे अंबरनाथला. आमच्या गावाची ओळख बाहेरच्यांना दोनच गोष्टींनी असते. एक, शके ९८२ चा शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर. आणि दुसरी, कारखान्यांची धुरांडी. येथे मधमाशीचा संबंध काय, असे कोणीही विचारील. पण अंबरनाथ-बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या अंगाला गेले की वीस-पंचवीस मिनिटांत रान लागते आणि त्या रानातल्या गावांतली मुले-मुली एस.टी. आणि लोकल बदलत आमच्या वर्गात येऊन बसतात.

अशाच एका वर्गात मी वाक्प्रचार शिकवीत होते. ‘मोहोळ उठणे’, ‘आठवणींचे मोहोळ’, ‘आग्या मोहोळात हात घालणे’. एरवी तोंडातून शब्द न काढणारी मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, आमच्याकडं मोहोळ उठत नाही. उडून जातं.”

वर्ग हसला. तास संपल्यावर मी तिला थांबवून घेतले. तिच्या वडिलांनी एका संस्थेमार्फत मधमाश्यांच्या पाच पेट्या घेतल्या होत्या. संस्थेचे नाव सांगण्यात हशील नाही. पैसे भरण्यासाठी त्यांनी दोन बकऱ्या विकल्या. काही दिवसांचे शिक्षण झाले, हातात कागद पडले, पेट्या अंगणात आल्या. चैत्रात घरापुरता मधही निघाला. मग पाऊस लागला आणि आषाढ सरायच्या आत पाचही पेट्या रिकाम्या झाल्या. “आता एकीत कोंबडी अंड्यावर बसते,” ती म्हणाली. ती हसत होती, पण ते हसू काही बरे नव्हते.

मी तिला ते कागद आणायला सांगितले. दोन होते. एक इंग्रजीत होता. त्यात हिवाळ्यात बर्फ पडू लागले की पेटीला ऊब कशी द्यावी, याचे सविस्तर विवेचन होते. बारवीच्या रानात बर्फ! दुसरा मराठीत होता, म्हणजे लिपी तरी मराठी होती. त्यातले एक वाक्य मी वहीत उतरून घेतले नाही, पण त्याचा घाट असा होता : ‘संतानकक्षातील खाद्यसंचय न्यून आढळल्यास शर्करापाकाचा पूरक पुरवठा करण्यात यावा.’ वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या बाईलाही ते दोनदा वाचावे लागले. त्याचा साधा अर्थ असा की, पेटीचा खालचा मजला उचलून बघा; हलका लागला तर माश्या उपाशी आहेत, त्यांना साखरेचे पाणी द्या.

एवढे एक वाक्य त्या माणसाला वेळेवर आणि त्याच्या बोलीत कळले असते, तर पाचपैकी काही पेट्या वाचल्या असत्या. मला या विषयाचा नाद लागला तो येथून.

पेटी मापाची झाली, माहिती?

आपल्याकडे मध काढण्याची जुनी रीत सर्वांना ठाऊक आहे. पलिता घेऊन रात्री झाडावर चढायचे, धुराने माश्या हुसकायच्या, पोळे कापायचे आणि पिळायचे. त्यात मधाबरोबर अंडी-अळ्याही पिळल्या जात. १८५१ साली अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ या पाद्र्याच्या लक्षात आले की, माश्या आपल्या येण्याजाण्यापुरती एक ठरावीक फट मोकळी ठेवतात. ती फट राखली तर लाकडी चौकटी सुट्या काढता येतात. या एका निरीक्षणावर आजची सगळी पेटी उभी आहे. चौकट काढायची, मधयंत्रात फिरवायची, मध बाहेर उडतो. पोळे शाबूत, पिल्ले शाबूत, माश्या शाबूत.

पण लँगस्ट्रॉथची पेटी विलायती माशीच्या अंगाची. आपली सातेरी माशी तिच्याहून लहान, तिचा संसार लहान. त्या मोठ्या पेटीत ती म्हणजे वाड्यात राहायला आलेले दोन माणसांचे बिऱ्हाड! १९१० नंतरच्या काही वर्षांत दक्षिण भारतात रेव्हरंड न्यूटन नावाच्या जेझुइट धर्मगुरूंनी आपल्या माशीच्या मापाची लहान पेटी बनवली आणि गावोगावच्या लोकांना ती वापरायला शिकवले. ‘न्यूटनची पेटी’ आजही त्या नावाने ओळखली जाते. न्यूटनसाहेबांनी माशीला पेटीच्या मापात बसवले नाही. पेटी माशीच्या मापाची केली. माहितीच्या बाबतीत हे काम अजून पुरे झालेले नाही, असे माझे म्हणणे आहे.

महाराष्ट्राने या क्षेत्रात काही केलेच नाही, असे मात्र कोणी समजू नये. उलट, या कामात आपण देशात फार लवकर उतरलो. महाबळेश्वरला १९४६ साली मधमाशीपालनाचे काम सुरू झाले. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मधसंचालनालय आजही तेथेच आहे. जांभूळ, हिरडा, गेळा यांचे रान आणि सात-आठ वर्षांनी एकदा डोंगरच्या डोंगर निळे-जांभळे करणारी कारवी, असे तेथले फुलोऱ्याचे वैभव. १९६२ साली खादी आयोगाने पुण्याला मधमाश्यांची केंद्रीय संशोधन आणि प्रशिक्षण संस्था काढली. गणेशखिंड रस्त्याने जाणाऱ्या पुणेकरांनी तिची पाटी पाहिली असेल. आत काय चालते, हे मात्र फार थोड्यांनी पाहिले असेल. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. देवडीकर यांच्यासारख्यांनी तेथे सातेरी माशीचा, तिच्या फुलांचा आणि रोगांचा अभ्यास उभा केला. महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव मे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातील पाटगावचाही तसाच लौकिक झाला.

म्हणजे ज्ञान आहे आणि ते जाणणारी माणसेही आहेत. अडते ते वाटेत. महाबळेश्वरच्या मधपाळाच्या शेजारी दुसरा मधपाळ असतो. त्याने पावसाळ्यात काय करावे ते बापाने किंवा शेजाऱ्याने सांगितलेले असते. आमच्या बारवीकडच्या माणसाला शेजारी नाही. त्याच्या पंचक्रोशीत तो एकटाच. त्याला कागदाचाच आधार, आणि कागद असा!

लग्नाच्या आहेरातले मोहोळ

हे दुःख केवळ आपले आहे, असेही नाही. आफ्रिकेतला, दक्षिण अमेरिकेतला, आग्नेय आशियातला मधपाळ याच ठिकाणी अडलेला असतो. त्याच्यासाठी ज्या एका बाईने आयुष्य वेचले, तिची ओळख वाचकांना करून देते.

इव्हा क्रेन या इंग्रज बाई. शिक्षण गणिताचे, डॉक्टरेट अणुपदार्थविज्ञानाची. १९४२ साली त्यांचे लग्न झाले. युद्धाचे दिवस, साखर शिधापत्रिकेवर. कोणा व्यवहारी माणसाने आहेरात भांडीकुंडी न देता मधमाश्यांची एक पेटीच दिली, की साखरेऐवजी मध तरी मिळेल. त्या पेटीने बाईंचे आयुष्य फिरवले. १९४९ साली त्यांनी मधमाशी संशोधनाची संघटना उभी केली. ती पुढे आंतरराष्ट्रीय झाली. १९८४ पर्यंत त्या तिच्या संचालिका होत्या. जगातल्या कोणत्याही भाषेत मधमाशीवर काही छापले गेले की ते मिळवायचे, त्याचा सारांश काढायचा आणि सर्वांना उपलब्ध करून द्यायचा, हे त्यांचे व्रत. त्यासाठी त्या साठांहून अधिक देश हिंडल्या. २००७ साली, वयाच्या ९५ व्या वर्षी त्या वारल्या. त्यांनी जमवलेले ग्रंथभांडार वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोचले आहे.

या कामात एक उणीव लवकर दिसून आली. जगातले बहुतेक छापील ज्ञान थंड देशांतले होते आणि विलायती माशीबद्दलचे होते. उष्ण देशांतल्या मधपाळाची माशी वेगळी, ऋतू वेगळे, शत्रू वेगळे. म्हणून उष्ण कटिबंधातल्या मधमाशीपालनासाठी निराळ्या परिषदा भरू लागल्या. पहिली १९७६ साली लंडनला, दुसरी १९८० साली आपल्या नवी दिल्लीत आणि तिसरी १९८४ साली नैरोबीला. १९९३ साली निकोला ब्रॅडबेअर आणि त्यांच्या सहकारी यांनी केवळ गरीब देशांतल्या मधपाळांसाठी ‘बीज फॉर डेव्हलपमेंट’ नावाची संस्था काढली. तिचे एक नियतकालिक आहे. शिवाय शिक्षणवर्ग भरवणाऱ्यांना पुस्तके, चित्रे आणि कागदपत्रे यांची खोकीच्या खोकी ती पाठवते.

हे सगळे स्तुत्यच आहे. पण त्या खोक्यातले पुस्तक इंग्रजीत असते. आपले स्वतःचे ‘इंडियन बी जर्नल’ १९३९ पासूनचे. त्याचीही भाषा इंग्रजीच. शास्त्रज्ञाने शास्त्रज्ञाशी इंग्रजीत बोलावे, त्याला माझी हरकत नाही. पण ज्याच्या अंगणात पेटी आहे, त्याच्यापर्यंत हे बोलणे पोचायचे तर शेवटचा मैल कोणीतरी मराठीत चालायला हवा. आणि तो मैल सर्वांत खडतर असतो, कारण तेथे शब्द बदलून भागत नाही. ऋतू बदलावे लागतात.

माशी कशी सांगते

माहिती कशी द्यावी, याचा सर्वांत उत्तम वस्तुपाठ खुद्द मधमाशीनेच घालून दिला आहे. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते प्रामुख्याने माशीची ही भाषा उलगडल्याबद्दल. फुले सापडलेली माशी पोळ्यावर परत येते आणि अंधारात, उभ्या पोळ्यावर नाचते. सरळ वर चालत नाचली, तर फुले सूर्याच्या दिशेला. तिरपी चालली, तर सूर्यापासून तेवढा कोन करून जायचे. अंग हलवत जितका वेळ चालेल, तितके अंतर लांब. शिवाय मागे लागलेल्या मैत्रिणींना ती आणलेल्या मकरंदाचा एक थेंब चाखायलाही देते. दिशा, अंतर आणि चव!

या नाचाचे मला फार कौतुक वाटते. त्यात प्रास्ताविक नाही, उद्‌घाटन नाही, आभारप्रदर्शन नाही. ती आजच्या फुलांविषयी आज सांगते, आणि जी उडून जाणार आहे तिलाच सांगते. २००८ साली चीन व ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी आपल्या आशियाई जातीच्या आणि विलायती माश्या एकाच वसाहतीत ठेवून पाहिल्या. दोन्ही जातींच्या नाचात अंतर सांगण्याची रीत थोडी निराळी असते, म्हणजे बोलीभेदच म्हणा. तरी आशियाई माश्या विलायती माशीचा नाच समजून घेऊन बिनचूक फुलांवर जाऊ लागल्या. माश्यांना जे साधते ते माहितीपत्रके लिहिणाऱ्या शहाण्यांना साधू नये, याचे नवल वाटते.

उशिरा आलेल्या माहितीची किंमत

मधपाळाला माहिती लागते ती केवळ पुस्तकी नव्हे. शेजारच्या शेतात उद्या औषधाची फवारणी आहे, हे त्याला आज कळले पाहिजे. म्हणजे तो रात्री पेटीचे दार बंद करील. शेतकऱ्यालाही कळले पाहिजे की फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी फवारले तर माश्या मरतात; संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर फवारले तर पुष्कळ वाचतात. यात शेतकऱ्याचाच लाभ आहे. सूर्यफूल, डाळिंब, कांद्याचे बियाणे यांना माशी हवी असते. मध ही तर तिची वरकमाई. पिकांवरचे परागसिंचन हे तिचे खरे काम.

रोगाचेही तसेच. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात सातेरी माशीच्या अळ्यांना एका विषाणूची साथ लागली. अळीची जणू पाण्याने भरलेली पिशवी होई. केरळ, तामिळनाडू, कर्नाटक येथील बहुसंख्य वसाहती त्यात नष्ट झाल्या आणि हजारो कुटुंबांचे जोडउत्पन्न बुडाले. या रोगावर औषध नव्हते. उपाय एकच : आजारी वसाहती इकडून तिकडे नेऊ नयेत आणि ज्या वसाहती टिकल्या, त्यांच्यापासूनच पुढची वाढ करावी. म्हणजे औषधाच्या जागी माहितीच होती. ती जेथे पोचली नाही, तेथे माणसे रोगट वसाहती विकत घेत राहिली.

सरकारने या बाबतीत हात आखडता घेतला आहे, असे मी म्हणणार नाही. २०२० साली मधमाशीपालनाच्या राष्ट्रीय अभियानासाठी ५०० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. २०२१ साली मधपाळांच्या नोंदणीसाठी ‘मधुक्रांती’ नावाची संगणकीय सोय झाली. शेतकऱ्याने दूरध्वनीवरून मराठीत प्रश्न विचारावा, अशी किसान कॉल सेंटरची सोय तर २००४ पासून आहे. पैसा आहे, यंत्र आहे. पण यंत्रातून काय बोलायचे, हे ठरवायला ज्याच्या अंगणात पेटी आहे त्या माणसाजवळ जाऊन बसावे लागते.

एका पानाचा उद्योग

शेवटी आम्ही बसलो. ती मुलगी, तिचे वडील आणि मी, तिच्या घरच्या ओटीवर. मी म्हटले, “दादा, तुम्ही बोला, मी लिहिते.” ते म्हणाले, “बाई, मी काय सांगणार? माझ्या तर सगळ्या उडाल्या.” मी म्हटले, “म्हणूनच तर. कधी उडाल्या, त्याआधी काय दिसलं, तेच सांगा.”

त्यांना पुष्कळ दिसले होते. माश्यांचे येणेजाणे कमी झाले होते, पेटी हलकी लागत होती, तळाशी जाळी धरलेली होती, पायांवरून मुंग्या चढत होत्या. प्रत्येक खूण त्यांनी पाहिली होती. तिचा अर्थ सांगणारे कोणी नव्हते. तो अर्थ आम्ही जाणकारांना विचारून आणला, आणि एक पान तयार झाले. इंग्रजी महिन्यांवर नव्हे, आपल्या महिन्यांवर, कारण त्यांचा हिशेब तोच. त्यांनीच त्याला नाव दिले, ‘माशीचं पंचांग’. त्यातला सारांश असा :

ज्येष्ठ : मृगाचा पाऊस लागायच्या आधीच मध काढणे बंद. सगळा मध आपला नव्हे. पावसाळ्याची बेगमी तिला ठेवा. पेटी दाराकडे किंचित उतरती करा, म्हणजे पाणी आत साचणार नाही. दार अरुंद करा.

आषाढ-श्रावण : हा माशीचा दुष्काळ. रान हिरवे दिसते, पण फुलात काही नसते; असले तरी पाऊस बाहेर पडू देत नाही. दर आठवड्याला पेटी उचलून बघा. हलकी लागली की साखर आणि पाणी सारखे घेऊन उकळा, निववा आणि संध्याकाळी पेटीच्या आत ठेवा. बाहेर सांडू नका. मुंग्या येतील आणि दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतील. घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. माश्या बसत नाहीत ती पोळी काढून घ्या. त्यांतच मेण खाणारी अळी घर करते.

भाद्रपद-आश्विन : ऊन पडू लागले, तीळ आणि कारळा फुलला. माशी स्वतः कमवू लागली की साखर बंद.

कार्तिक ते पौष : संसार वाढतो. जागा कमी पडली तर चौकटी वाढवा.

माघ-फाल्गुन : सावर, पळस. वरचा मजला चढवा.

चैत्र-वैशाख : जांभूळ, करंज. चौकटीतली घरे मेणाने बंद झालेली दिसली की मध पिकला. त्याआधी काढाल तर तो आंबेल.

या पानात ‘संतानकक्ष’ नाही, ‘शर्करापाक’ नाही. शास्त्रात मात्र कोठे तडजोड नाही. बदलापूरची जांभळे सर्वांना ठाऊक आहेत. पण त्या जांभळाच्या मोहरावर माशीचे वर्ष अवलंबून असते, हे त्या ओटीवर बसेपर्यंत मलाही कोणी सांगितले नव्हते. पानाच्या झेरॉक्स प्रती काढल्या. अक्षर न वाचणाऱ्यांसाठी मुलीने ते आपल्या आवाजात मोबाईलवर बोलून ठेवले आणि ते आता गावागावांतून फिरते आहे. तिच्या वडिलांनी रानातून तीन वसाहती धरून पुन्हा पेट्यांत भरल्या. यंदाच्या पावसाळ्यात तिन्हींपैकी दोन टिकल्या. तिसरीचे काय झाले, तेही त्यांनी पानाच्या पाठीमागे लिहून घ्यायला लावले. मला ते सर्वांत मोलाचे वाटते. माहिती वरून खाली वाहते, अशी आपली समजूत. खरे तर ती खालून वरही वाहिली पाहिजे. पुण्याच्या प्रयोगशाळेला जे ठाऊक नाही, ते बारवीच्या ओटीवर ठाऊक असू शकते.

आता थोडे आपल्या घरातले

हा सगळा मधपाळाचा कारभार. शहरातल्या आपल्यासारख्यांनी काय करावे, असे वाचक विचारतील. आपल्यालाही थोडी माहिती हवीच आहे.

थंडीत बाटलीतला मध थिजला की ‘साखर घातलेली दिसते’ म्हणून आपण तो टाकून देतो. वास्तविक चांगला मधही थिजतो. त्यातली नैसर्गिक साखर खडे धरते. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पूर्ववत होतो. पाण्यात थेंब टाकून पाहणे, काडी बुडवून पेटवणे या घरगुती परीक्षांनी भेसळ कळत नाही. २०२० साली दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने दाखवून दिले की, आजकालचे भेसळीचे पाक प्रयोगशाळेच्या नेहमीच्या चाचण्यांनाही चकवतात. तेथे आपल्या काडीचा काय पाड! आणखी एक. तान्ह्या बाळाच्या जिभेला मध लावण्याची आपली रीत जुनी आहे; पण वर्ष पुरे होईपर्यंत बाळाला मध देऊ नये, असे आजचे डॉक्टर निक्षून सांगतात. मधात क्वचित असणारे एक सूक्ष्म बीज मोठ्यांना बाधत नाही, तान्ह्याला बाधू शकते. आजीबाईंनी राग मानू नये.

आणि इमारतीच्या गच्चीखाली आग्या माश्यांनी पोळे धरले की आपली सभा भरते. कोणी जाळा म्हणतो, कोणी औषध मारा म्हणतो. आमच्याही इमारतीत हा खल झाला. पोळे वरच्या कोपऱ्यात, कोणाच्या वाटेत नव्हते. मी एवढेच सांगितले की या माश्या मुक्कामी नसतात. ऋतू बदलला की आपण होऊन निघून जातात. धूर करू नका, दगड मारू नका, पोरांना आवरा. पोळे दाराखिडकीशीच असेल, तर जाणकार माणसाला बोलावून ते रात्री हलवता येते. पुष्कळ वादानंतर आमच्या सभेने ‘थांबून पाहू’ असा ठराव केला, आणि पावसाळ्याच्या तोंडाला माश्या निघून गेल्या. जाताना त्यांनी देखभाल शुल्क दिले नाही, एवढी एकच तक्रार आमच्या चिटणिसांनी नोंदवली.

वाचकांना सुचवायचे ते एवढेच. या दिवाळीत मध विकत घ्याल, तेव्हा विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा : हा कोणत्या फुलाचा, आणि कोणत्या महिन्यात काढला? महाबळेश्वरला जाल, तेव्हा स्ट्रॉबेरीच्या रांगेतून जरा बाहेर पडून एखाद्या मधपाळाशी दहा मिनिटे बोला. ज्यांचे हात लिहिते आहेत, त्यांनी आपल्या गावाकडच्या एखाद्या मधपाळाकडून त्याच्या रानाचे एक पान लिहून घ्यावे. कोकणाचे पान वेगळे निघेल, मेळघाटाचे वेगळे, माणदेशाचे वेगळे. अशी पाने जमत गेली तर मराठी मुलखाचे माशीचे पंचांग आपोआप तयार होईल. त्यासाठी कोणत्याही अभियानाची वाट पाहायला नको. माशीसुद्धा थेंब थेंबच आणते, आणि पोळे भरते.